सिनेमा विकणारा मर्चंट

७ मार्च १९८६, शुक्रवार. त्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये दोन ब्रिटिश चित्रपट लागले. एक 'अ रूम विथ अ व्ह्यू' आणि दुसरा 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट'. दोन्ही कमी पैशांत झालेले, दोन्हींमागे ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीचा पैसा, आणि दोन्हींत डॅनियल डे-लुईस हा तोवर अमेरिकेत फारसा कुणाला ठाऊक नसलेला नट. पहिल्यात तो नाकावर चष्मा चिमटलेला, ताठ मानेचा, पुस्तकी साहेब आहे. दुसऱ्यात केस रंगवलेला, लंडनच्या रस्त्यावरचा टारगट पोरगा, आणि तो एका पाकिस्तानी घरातल्या मुलाच्या प्रेमात आहे. ही दोन माणसं म्हणजे एकच नट, याचं न्यूयॉर्कच्या समीक्षकांना इतकं नवल वाटलं की दोन्ही चित्रपटांना त्याची फुकटात जाहिरात मिळाली.

मला मात्र ही तारीख आणखी एका कारणासाठी महत्त्वाची वाटते. पहिल्या चित्रपटाचा निर्माता इस्माईल मर्चंट हा मुंबईचा मुसलमान. दुसऱ्याचा लेखक हनीफ कुरेशी, ज्याचं वडिलांकडचं घराणं फाळणीनंतर पाकिस्तानात स्थिरावलं. म्हणजे ब्रिटिश सिनेमा अमेरिकेच्या बाजारात उभा राहिला त्या दिवशी दोन्ही दुकानांवर आपल्याकडची माणसं बसलेली होती. एकाच्या दुकानात इंग्रजांचा जुना, देखणा माल होता, तर दुसऱ्याच्या दुकानात त्यांचा आजचा, अंगाला खाजणारा.

आपल्याकडे मर्चंट यांच्याविषयी जे थोडंफार लिहिलं जातं त्यात ऑस्कर, शशी कपूर आणि त्यांच्या हातची बिर्याणी यापलीकडे फारसं काही नसतं. बिर्याणी खरी आहे, चित्रीकरणावरच्या लोकांना ते स्वतः रांधून वाढत. (पगार उशिरा मिळणाऱ्यांना जेवण वेळेवर मिळे, असं त्यांच्यासोबत काम केलेले लोक गमतीने सांगत.) पण त्यांचं खरं कसब वेगळंच होतं. तयार झालेला सिनेमा, जो कुणालाच नको आहे, तो कुणाच्या गळ्यात घालायचा, कोणत्या थिएटरात लावायचा आणि तिथे किती दिवस टिकवून धरायचा, हे त्यांना कळत होतं. सिनेमाच्या इतिहासात दिग्दर्शकांची चरित्रं लिहिली जातात. वितरणाचा इतिहास कुणी लिहीत नाही, कारण तो हिशेबाच्या वह्यांत असतो.

जन्म २५ डिसेंबर १९३६, मुंबईचा. मूळ नाव इस्माईल नूर मुहम्मद अब्दुल रहमान. 'मर्चंट' हे आडनाव मागाहून घेतलेलं. वडील कापडाचे व्यापारी. ते मुस्लिम लीगच्या राजकारणात होते, तरी फाळणीत पाकिस्तानला गेले नाहीत, मुंबईतच राहिले. मुलगा सेंट झेवियर्समध्ये शिकला. शाळकरी वयातच नटी निम्मीशी त्याची ओळख झाली आणि तिच्याबरोबर गाडीतून 'बरसात'च्या प्रीमियरला गेल्याचं त्याने आत्मचरित्रात लिहिलं आहे. लोक गाडीवर झेंडूची फुलं टाकत होते म्हणे. असं एकदा पाहिलेलं पोर सराफीत किंवा कापडाच्या पेढीवर रमणं अवघडच.

पुढे तो न्यूयॉर्कला गेला आणि तिथे शिकला ते व्यवसाय व्यवस्थापन. कला नव्हे, सिनेमाही नव्हे. पोटासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीत निरोप्याचं काम करायचा, आणि तिथल्या प्रतिनिधींच्या बैठकीच्या खोलीत पैसेवाल्या लोकांना गाठून आपल्या न झालेल्या सिनेमांच्या गोष्टी सांगायचा. पहिला लघुपट 'द क्रिएशन ऑफ वुमन' झाला, तेव्हा ऑस्करचा नियम असा होता की लघुपट लॉस एंजेलिसच्या एखाद्या थिएटरात निदान तीन दिवस दाखवलेला असला पाहिजे. मर्चंटने एका थिएटरवाल्याला पटवून तो मुख्य चित्रपटाच्या आधी लावून घेतला. नामांकन मिळालं. पंचविशीतला, बाजारात पत नसलेला मुलगा, पण नियम वाचून त्यातली फट शोधणारा. माझ्या मते त्याच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा आराखडा या तीन दिवसांत दिसतो.

१९६१मध्ये जेम्स आयव्हरी या अमेरिकी दिग्दर्शकाशी त्याची गाठ पडली आणि मर्चंट-आयव्हरी ही कंपनी उभी राहिली. पहिला मोठा चित्रपट 'द हाउसहोल्डर' दिल्लीत झाला. तो जगभर दाखवण्यासाठी कोलंबिया या हॉलिवूडच्या बड्या कंपनीने घेतला, आणि त्यामागचं गणित भारी आहे. त्या काळात अमेरिकी कंपन्यांना भारतात मिळालेला सगळा पैसा बाहेर नेता येत नसे. रुपयांचा ढीग इथे अडकून पडलेला. मर्चंटने त्यांना सांगितलं, हे अडकलेले रुपये माझ्या चित्रपटात घाला. तुम्हाला न वापरता येणारा पैसा वापरता येईल आणि मला वितरक मिळेल. याला आपण कोणत्या खात्यात टाकायचं, कलेच्या की कापडबाजाराच्या?

आता ब्रिटनकडे येऊ, कारण मर्चंट यांचे सगळ्यांत गाजलेले चित्रपट तिथले आहेत. १९४६ साली ब्रिटनमध्ये सिनेमाची १६३ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली होती. १९८४ साली तो आकडा ५ कोटी ४० लाखांवर आला. लोक घरी टीव्ही आणि व्हिडिओ पाहत होते आणि थिएटरं ओस पडून बंद होत होती. जी उरली त्यांत दोन बड्या साखळ्यांचं राज्य होतं, आणि त्यांना हवा असे तो अमेरिकी माल. तिकिटावरच्या कराचा थोडा भाग ब्रिटिश निर्मात्यांना मिळे, तो थॅचर सरकारने १९८५च्या कायद्याने बंद केला. सरकारी कर्ज देणारं महामंडळही गुंडाळलं. उरला आधार चॅनेल फोरचा. नोव्हेंबर १९८२मध्ये सुरू झालेली ही वाहिनी पहिल्या दिवसापासून स्वतंत्र चित्रपटांत पैसा घालत होती. पण त्यातही पेच होता. थिएटरवाल्यांचा आग्रह असे की जो चित्रपट आम्ही दाखवला तो तीन वर्षं टीव्हीवर येता कामा नये. मग वाहिनीने आपल्याच पैशाने केलेला चित्रपट आधी थिएटरला द्यावा की सरळ घराघरांत दाखवून मोकळं व्हावं?

ज्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या नाझ बिल्डिंगविषयी ऐकलं आहे त्यांना वितरक म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. निर्माता सिनेमा काढतो, वितरक आपल्या टेरिटरीचे हक्क घेतो, कधी मिनिमम गॅरंटी देतो, प्रिंटा काढतो, पोस्टर छापतो, थिएटरशी टक्केवारी ठरवतो. बुडाला तर बहुधा तोच बुडतो. ब्रिटन-अमेरिकेतही सांगाडा हाच. फरक असा की स्वतंत्र चित्रपटाला तिथे मोठा वितरक मिळत नसे, आणि मिळालाच तर तो घातक ठरे. शेकडो थिएटरांत एकाच दिवशी चित्रपट लावायचा, जाहिरातीवर पैसा ओतायचा आणि पहिल्या आठवड्यात लोक आले नाहीत की उतरवायचा. गोल्डक्रेस्ट या ब्रिटिश कंपनीने 'रेव्होल्यूशन' हा अल पचिनोचा भव्य चित्रपट असाच काढला. खर्च सुमारे २ कोटी ८० लाख डॉलर. डिसेंबर १९८५मध्ये तो अमेरिकेत आला आणि ४ लाख डॉलरही न मिळवता गेला. ज्या कंपनीने तीनच वर्षांपूर्वी 'गांधी'चा जयघोष ऐकला होता, तिचं कंबरडं मोडलं.

याच गोल्डक्रेस्टचा थोडा पैसा 'अ रूम विथ अ व्ह्यू'मध्ये होता. चित्रपटाचा सगळा खर्च ३० लाख डॉलरच्या आसपास. उरलेला पैसा चॅनेल फोरचा, मरणाच्या दारात असलेल्या त्या सरकारी महामंडळाचा आणि कर्झनचा. यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवावं. कर्झन ही लंडनमधली वितरण कंपनी, मेफेअर भागात तिचं स्वतःचं नामांकित थिएटर. म्हणजे मर्चंटने ब्रिटनमधला वितरक चित्रपट झाल्यावर शोधला नाही, त्याला भांडवलातच ओढून घेतला. ज्याचे पैसे अडकले आहेत असा थिएटरवाला दुसऱ्या आठवड्यात चित्रपट उतरवत नाही. नवे निर्माते पटकथेवर वर्षं घालवतात आणि वितरकाचा विचार शेवटच्या महिन्यात करतात. मर्चंट उलट्या टोकाने सुरुवात करत.

अमेरिकेत सिनेकॉम ही छोटी कंपनी होती. चित्रपट लागला न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरात. प्लाझा हॉटेलच्या शेजारी, एकच पडदा, सहाशेच्या आत खुर्च्या, १९४८ साली उघडलेलं. आजूबाजूला पैसेवाल्यांची वस्ती, पुस्तकं वाचणाऱ्या, इटलीला जाऊन आलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या वयस्क बायका. ई. एम. फॉर्स्टरच्या कादंबरीवरचा, फ्लॉरेन्समधल्या इंग्रज मुलीचा हा चित्रपट कुणासाठी आहे ते मर्चंटना नेमकं ठाऊक होतं, आणि तो त्यांच्याच गल्लीत नेऊन लावला. जाहिरातीला पैसा नव्हता, म्हणून वेळ खर्च केला. महिनोन्महिने चित्रपट तिथून हलला नाही. एक बाई पाहून जाई आणि दुसऱ्या आठवड्यात मैत्रिणीला घेऊन येई. मग हळूहळू दुसरी शहरं, तीही एकेक थिएटराने. अमेरिकेत शेवटी सुमारे २ कोटी १० लाख डॉलर जमले.

हे तंत्र मर्चंटने न्यूयॉर्कच्या कॉलेजात शिकलं असेल, पण माझा अंदाज वेगळा आहे. तो ज्या मुंबईत वाढला तिथे चित्रपटाची इज्जत आठवड्यांत मोजत. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव, आणि तेही एकाच थिएटरात. किती थिएटरांत लागला हे विचारत नसत, किती दिवस टिकला हे विचारत. 'बरसात'च्या गर्दीतून गाडीत बसून गेलेल्या मुलाला पॅरिस थिएटर हे मुंबईतल्या एखाद्या टॉकीजसारखंच दिसलं असणार.

'लाँड्रेट'ची वाट निराळी होती. स्टीफन फ्रिअर्सने तो टीव्हीसाठीच केला होता, १६ मिमी फिल्मवर, साडेसहा लाख पौंडांत. थिएटरचा विचारच नव्हता. ऑगस्ट १९८५मध्ये एडिंबराच्या महोत्सवात दाखवला आणि समीक्षक इतके खूश झाले की प्रिंट ३५ मिमीवर मोठी करून नोव्हेंबरात तो थिएटरांत आणला गेला. वितरक मेनलाइन, म्हणजे रोमेन हार्ट. या बाईंची लंडनमध्ये 'स्क्रीन' नावाची स्वतःची छोटी थिएटरं होती. इथेही तेच, वितरकाच्या हातात थिएटर. अमेरिकेत ओरायन क्लासिक्सने घेतला. न्यूयॉर्कमध्ये काही पाकिस्तानी लोकांनी थिएटरबाहेर निदर्शनं केली. पाकिस्तानी माणूस भिन्नलिंगी नसलेला, दारू पिणारा, भाडेकरूंना हुसकावणारा दाखवला, याचा राग. आमच्यातलं काहीही पडद्यावर आलं की आधी आमच्यातलेच लोक फलक घेऊन उभे राहतात, हा अनुभव मराठी मुस्लिम लेखकांनाही नवा नाही. तरी चित्रपटाने अमेरिकेत सुमारे २४ लाख डॉलर मिळवले. झालेल्या खर्चाच्या मानाने ते पुष्कळच होते. १९८७च्या ऑस्करला कुरेशीला मूळ पटकथेसाठी नामांकन होतं. त्याच संध्याकाळी रुथ प्रावर झाबवाला यांनी 'अ रूम विथ अ व्ह्यू'साठी रूपांतरित पटकथेचा पुरस्कार नेला. त्या चित्रपटाला एकूण तीन ऑस्कर मिळाले.

दोन आकड्यांतलं अंतर मोठं आहे, २ कोटी १० लाख आणि २४ लाख. ते फक्त वितरकाच्या हुशारीचं अंतर नाही. फ्लॉरेन्सची उन्हं आणि लेसचे झगे विकणं सोपं, दक्षिण लंडनमधली कपडे धुण्याची दुकानं विकणं कठीण. ॲलन पार्कर या ब्रिटिश दिग्दर्शकाने मर्चंट-आयव्हरीच्या चित्रपटांना लॉरा ॲशली या फुलाफुलांचं कापड विकणाऱ्या कंपनीचं नाव देऊन टर उडवली होती. कापडवाल्याच्या मुलाला हा टोमणा किती लागला असेल कोण जाणे. मला पार्करचं अर्धंच पटतं. मर्चंटने इंग्रजांना त्यांचाच भूतकाळ इस्त्री करून विकला, हे खरंच आहे. पण तो माल करणारी माणसं कोण होती? अमेरिकी दिग्दर्शक, जर्मनीत जन्मलेली आणि दिल्लीत संसार केलेली ज्यू लेखिका, आणि मुंबईचा मुसलमान निर्माता. इंग्रजांची ही घडी बाहेरच्यांनीच घातलेली होती, आणि ती विकण्याचा धंदा उभारताना त्यांनी जो रस्ता केला त्यावरून पुढे इतरही गेले.

त्या रस्त्याचा पुढचा टप्पा १९९२चा. 'लाँड्रेट' घेणारी ओरायन कंपनी डिसेंबर १९९१मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या क्लासिक्स विभागातली तीन माणसं, मायकल बार्कर, टॉम बर्नार्ड आणि मार्सी ब्लूम, बाहेर पडून सोनीच्या छत्राखाली गेली आणि सोनी पिक्चर्स क्लासिक्स हा विभाग काढला. त्यांनी लावलेला पहिला चित्रपट मर्चंटचा 'हॉवर्ड्स एंड'. खर्च सुमारे ८० लाख डॉलर. १३ मार्च १९९२ला लागला तो पुन्हा पॅरिस थिएटरात. मार्च का? कारण ऑस्करची धामधूम संपत आलेली असते, उन्हाळ्याचे मोठे चित्रपट अजून यायचे असतात, आणि समीक्षकांना लिहायला जागा असते. मे महिन्यात कान महोत्सवात पारितोषिक मिळालं, त्याची बातमी झाली. शहरामागून शहर घेत चित्रपट वर्षभर चालू राहिला. फेब्रुवारी १९९३मध्ये नऊ नामांकनं आली तेव्हा तो अजून लोकांच्या तोंडी होता, म्हणून त्या नामांकनांचं पुन्हा तिकिटांत रूपांतर झालं. अमेरिकेतली कमाई अडीच कोटी डॉलरच्या पुढे. ती नवी वितरण कंपनी आजही चालू आहे. 'अ रूम विथ अ व्ह्यू' लावणारी सिनेकॉम मात्र मोठं होण्याच्या नादात बुडाली.

कुरेशीच्या लेकरांना या रस्त्यावर यायला आणखी काही वर्षं लागली. १९९९चा 'ईस्ट इज ईस्ट', ओम पुरींनी केलेला सॅलफर्डचा पाकिस्तानी बाप, ब्रिटनमध्ये १ कोटी पौंडांवर गेला. पण हा 'आशियाई' चित्रपट आहे ही गोष्ट वितरकाने जाहिरातीत मुद्दाम मागे ठेवली होती. विनोदी कौटुंबिक चित्रपट म्हणून विकला, म्हणून गोरे प्रेक्षक आले. हे वाचून मला वाईट वाटलं आणि वितरकाचा हिशेब चुकला नव्हता हेही दिसलं. मग २००२चा 'बेंड इट लाइक बेकहम'. गुरिंदर चढ्ढांचा हा चित्रपट १२ एप्रिलला ब्रिटनमध्ये लागला, विश्वचषकाच्या तोंडावर. दोनच दिवसांपूर्वी खुद्द बेकहमच्या पायाचं हाड मोडलं होतं आणि देशभर दुसरा विषय नव्हता. असं प्रसिद्धीचं भाग्य कुठला वितरक विकत घेऊ शकेल? पुढच्या वर्षी अमेरिकेत मात्र तो भाग्यावर सोडला नाही. पुन्हा मार्च महिना, हातावर मोजण्याइतकी थिएटरं आणि मग महिनोन्महिने सावकाश पसरणं. तिथे ३ कोटी डॉलरहून जास्त मिळाले. हाउन्स्लोच्या पंजाबी मुलीला अमेरिकेभर नेणारी ही पद्धत पॅरिस थिएटरातल्या त्या जुन्या पद्धतीची सख्खी बहीण होती.

आता राहिलं ते उर्दूचं, आणि उर्दू शिकवणाऱ्याने ते टाळून चालणार नाही. १९९३मध्ये, म्हणजे 'हॉवर्ड्स एंड'च्या यशाच्या भर उन्हात, मर्चंट यांनी स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित केला, 'इन कस्टडी' किंवा 'मुहाफ़िज़'. अनिता देसाईंची कादंबरी, भोपाळमधलं चित्रीकरण, झाकिर हुसेन आणि सुलतान खान यांचं संगीत, फ़ैज़ यांची शायरी. शशी कपूर यांचा नूर हा थकलेला, जाडजूड, गर्दीने वेढलेला उर्दू शायर आहे. ओम पुरींचा देवेन हा त्याची मुलाखत टेपवर घेऊ पाहणारा हिंदीचा गरीब प्राध्यापक. मोडकं टेपरेकॉर्डर, पैसे नाहीत, नूरच्या घरातली भांडणं. एका भाषेचा शेवटचा मोठा आवाज जपायचा आहे आणि यंत्र नीट चालत नाही. शशी कपूरना राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. अमेरिकेत चित्रपट त्याच सोनी क्लासिक्सने १९९४मध्ये लावला.

तोच निर्माता, तोच वितरक. पण फ्लॉरेन्सच्या इंग्रज मुलीसाठी पॅरिस थिएटरच्या गल्लीत जो प्रेक्षक तयार उभा होता, तो नूरसाठी कुठल्या गल्लीत होता? भेंडी बाजारात? औरंगाबादेत? मालेगावात? उर्दू वाचणारी, शायरीवर जीव टाकणारी, मुशायऱ्याला पहाटेपर्यंत बसणारी माणसं तिथे हजारोंनी आहेत. त्यांच्यापर्यंत हा चित्रपट नेणारं मेनलाइन किंवा कर्झन आपल्याकडे नव्हतं. माझ्या ओळखीच्या उर्दूच्या शिक्षकांत 'मुहाफ़िज़' पाहिलेले दोघेच आहेत आणि दोघांनीही तो कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिला म्हणून पाहिला. दहावीच्या वर्गात मी त्यातला वाढदिवसाचा प्रसंग दाखवतो. मुलं आधी शशी कपूर कोण ते विचारतात, मग गप्प होऊन बघतात.

मर्चंट २५ मे २००५ला लंडनमध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे २८ मेला मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात, वाडवडिलांजवळ दफन झालं. न्यूयॉर्कचं पॅरिस थिएटर २०१९मध्ये बंद पडलं होतं. ते नेटफ्लिक्सने भाड्याने घेऊन पुन्हा उघडलं, घरी बसून बघण्यासाठी केलेले चित्रपट काही दिवस तरी मोठ्या पडद्यावर लावता यावेत म्हणून. ऑस्करच्या नियमात अजूनही थिएटरातले दिवस मोजतात.